प्रबंध अपलोड झाला, पण सापडतो का?

पेपर छापून आला, बढतीसाठीच्या गुणांच्या तक्त्यात त्याची नोंद झाली, की काम संपलं असं आपल्याकडच्या बहुतेक प्राध्यापकांना वाटतं. पीएचडीचंही तेच. व्हायवा (तोंडी परीक्षा) होतो, पेढे वाटले जातात आणि सोनेरी अक्षरांची बांधीव प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसते. पण पुढे ते वाचायचं कुणी आणि कुठे? जर्नलच्या संकेतस्थळावर एका लेखासाठी तीस-चाळीस डॉलर मागतात. प्रबंधासाठी विद्यापीठाच्या गावी जाऊन, ओळखपत्र दाखवून, वाचनकक्षात बसावं लागतं. ज्या विषयावर काम केलं त्या विषयाशी ज्यांचा रोजचा संबंध असतो, ते कृषी सहायक, शाळेतले शिक्षक, आशा सेविका, पत्रकार, नाटक बसवणारी पोरं, यांच्यापर्यंत ते पोचतच नाही. आणि त्यातला बराचसा खर्च सरकारी पगारातून, फेलोशिपमधून, म्हणजे याच लोकांच्या पैशातून झालेला असतो.

विद्यापीठाची ओपन ॲक्सेस, म्हणजे सगळ्यांना खुली असलेली, रिपॉझिटरी ही या अडचणीवरची सगळ्यात स्वस्त सोय आहे. रिपॉझिटरी म्हणजे विद्यापीठाने चालवलेलं डिजिटल भांडार. तिथल्या अध्यापकांनी, विद्यार्थ्यांनी, कलावंतांनी केलेलं काम त्यात ठेवलं जातं, प्रत्येक कामाला कायमचा पत्ता मिळतो आणि जगातला कुणीही ते फुकट उघडून वाचू शकतो. इथे एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करायला हवा. रिपॉझिटरी म्हणजे जर्नल नाही. तिथे पेपरचं परीक्षण होत नाही, लेख स्वीकारला-नाकारला जात नाही आणि फी तर मुळीच नसते. ‘आठवड्यात छापून देतो, एवढे पैसे भरा’ असे मेसेज पाठवणाऱ्या दुकानांशी तिचा काही संबंध नाही. लेख छापायचा तिथे छापा. रिपॉझिटरीत त्याची वाचता येईल अशी प्रत ठेवायची, एवढंच.

ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञांच्या सवयीतून आली. १९९१ साली पॉल गिन्सपार्ग यांनी अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ‘अर्काइव्ह’ सुरू केलं आणि पेपर छापून यायच्या आधीच त्याचा मसुदा सगळ्यांसमोर ठेवायची पद्धत रुळली. २००० साली ब्रिटनमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाने ‘ईप्रिंट्स’ आणि २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीने एचपी कंपनीबरोबर ‘डीस्पेस’ हे भांडार चालवायचं सॉफ्टवेअर खुलं केलं. आपल्याकडची बरीच भांडारं आजही या दोहोंपैकी एकावर चालतात. त्याच २००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने ओपन ॲक्सेसची व्याख्या मांडली. २००८च्या फेब्रुवारीत हार्वर्डच्या कला-विज्ञान शाखेतल्या प्राध्यापकांनी एकमताने ठराव केला, की आपले लेख विद्यापीठाच्या भांडारात ठेवायचा हक्क आपण विद्यापीठाला देत आहोत. तो ठराव वरून लादलेला नव्हता, प्राध्यापकांनीच मतदान करून केला, आणि मला त्यातली खरी महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

भारतात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने (आयआयएससी) या कामात लवकर पाऊल टाकलं. आपल्या जवळची उदाहरणं हवी असतील तर गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं भांडार आहे, गोवा विद्यापीठाचं आहे, आणि पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने स्कॅन करून ठेवलेली जुनी दुर्मिळ पुस्तकं आहेत. प्रबंधांसाठी तर देशभराची एकच मोठी जागा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९च्या नियमावलीने पीएचडीची डिजिटल प्रत सक्तीची केली आणि विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने त्यासाठी ‘शोधगंगा’ चालवली. आज तिथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. २०१८च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमावलीने आणखी पुढे जाऊन प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेने स्वतःची रिपॉझिटरी उभारावी असंही सांगितलं. तेव्हा तुमच्या विद्यापीठात ती नसेल किंवा असून धूळ खात असेल, तर ग्रंथपालांकडे आणि कुलसचिवांकडे विचारणा करायला तुमच्या हातात नियम आहे.

मध्यंतरी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलं, म्हणजे सगळ्या सरकारी संस्थांसाठी जर्नल्सची वर्गणी केंद्राने एकत्र भरायची योजना, मग आता याची गरज काय, असं काही जण विचारतात. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेला मंजुरी दिली : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स आणि ६,३०० सरकारी संस्था. सरकारी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला याचा मोठा फायदा आहे, हे नाकारायचं कारण नाही. पण योजना आहे ती वाचायला मिळण्याची. आपण लिहिलेलं जगाला खुलं करणं हा तिचा मुख्य हेतू नाही. विनाअनुदानित खासगी महाविद्यालयातला विद्यार्थी पहिल्या टप्प्यात तिच्या बाहेर आहे, आणि कुठल्याच संस्थेत नाव नसलेला अभ्यासकही बाहेरच आहे. दुसरा मार्ग म्हणजे प्रकाशकाला पैसे भरून स्वतःचा लेख खुला करून घेणं. ‘नेचर’ने २०२१पासून त्यासाठी ९,५०० युरो घ्यायला सुरुवात केली. आपल्या कुठल्या विभागाच्या बजेटमध्ये ते बसणार? रिपॉझिटरीचा मार्ग मात्र सगळ्यांना परवडतो.

कोणती प्रत द्यायची?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं. एका लेखाच्या आयुष्यात त्याच्या तीन प्रती तयार होतात. पहिली म्हणजे तुम्ही जर्नलला पाठवलेला मसुदा. त्याला प्रीप्रिंट म्हणतात. दुसरी प्रत परीक्षकांचे शेरे येऊन, तुम्ही दुरुस्त्या करून, संपादकांनी ‘स्वीकारला’ असं कळवल्यानंतरची. ही स्वीकृत प्रत. तिच्यात मजकूर जवळजवळ अंतिम असतो, पण जर्नलचा लोगो, दोन रकान्यांची मांडणी, पानांचे क्रमांक यातलं काही नसतं. दिसायला ती साधी वर्ड फाइलच असते. तिसरी म्हणजे प्रकाशकाने सजवून छापलेली पीडीएफ.

बहुतेक मोठे प्रकाशक तिसरी प्रत भांडारात ठेवू देत नाहीत, पण दुसरी ठेवू देतात. आणि आपल्याकडे नेमकी दुसरीच कुणाजवळ नसते! ‘सर, पेपर पाठवा’ म्हटलं की छापील पीडीएफ येते. ती लावता येत नाही म्हणून कळवलं, तर उत्तर येतं की वर्ड फाइल जुन्या लॅपटॉपमध्ये होती, किंवा सहलेखकाने शेवटच्या दुरुस्त्या केल्या होत्या आणि आता तो दुसरीकडे नोकरीला आहे. लेख एकदा छापून आला की आधीच्या फाइलींना कचरा समजून उडवायची सवय आहे आपल्याला. ज्या दिवशी स्वीकृतीचा ईमेल येतो त्याच दिवशी ती फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा : लेखकाचं आडनाव, वर्ष, जर्नलचं नाव, ‘स्वीकृत’. एवढ्या एका सवयीने पुढची निम्मी कटकट वाचते.

प्रकाशकाची परवानगी नेमकी काय आहे हे शोधणं अवघड नाही. ब्रिटनच्या जिस्क या संस्थेने ‘शेर्पा रोमियो’ नावाची सूची वर्षानुवर्षं चालवली. आता ती ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ या नावाने मिळते. जर्नलचं नाव किंवा आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) टाकला की कोणती प्रत, कुठे, किती महिन्यांनी ठेवता येईल ते समोर येतं. या महिन्यांना एम्बार्गो म्हणतात. कुणी बारा महिने थांबायला सांगतं, कुणी चोवीस, तर काही प्रकाशक स्वीकृत प्रत लगेच ठेवू देतात. एम्बार्गो आहे म्हणून जमा करणं पुढे ढकलायचं मात्र नाही. फाइल आजच द्या आणि ती उघडायची तारीख घालून ठेवा. त्या दिवशी भांडार ती आपोआप खुली करतं. तोवर शीर्षक, सारांश आणि लेखकांची नावं सगळ्यांना दिसतात, आणि डीस्पेसमध्ये वाचकाला ‘प्रत मागा’ हे बटण दाबून थेट लेखकाला विनंतीही करता येते. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांचं २०१४चं ओपन ॲक्सेस धोरणही हेच सांगतं : त्यांच्या निधीतून झालेल्या कामाची स्वीकृत प्रत भांडारात आली पाहिजे.

हा झाला इंग्रजी जर्नल्सचा हिशेब. मराठीत लिहिणाऱ्यांची परिस्थिती बरीच सोपी आहे, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखाचा पहिला मालक लेखक असतो. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. तोंडी दिलेला किंवा गृहीत धरलेला चालत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. आता आठवून बघा, आपल्या मराठी त्रैमासिकांनी, दिवाळी अंकांनी, विभागाच्या चर्चासत्राच्या ग्रंथांनी तुमच्याकडून कधी असा करार करून घेतला? बहुतेक वेळा पोस्टकार्ड, फोन किंवा व्हॉट्सॲपवर ‘लेख मिळाला, घेतो’ एवढंच झालेलं असतं. अशा लेखाचा हक्क तुमच्याकडेच आहे. तो भांडारात द्यायला तुम्हाला कुणाची आडकाठी नाही. संपादकांना एक पत्र टाकावं, अंकाचं नाव आणि साल ठळकपणे नोंदवावं, हा आपल्यातला शिष्टाचार झाला आणि तो पाळावाच. नियतकालिकाची मांडणी, चित्रं, मुखपृष्ठ ही मात्र त्यांची असतात. तेव्हा अंकाची पानं स्कॅन करण्यापेक्षा आपला मजकूर नव्याने टाइप करून दिलेला बरा.

एक सावधगिरी. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून तयार केलेल्या गोष्टींवर, उदाहरणार्थ विद्यापीठाने सांगून लिहून घेतलेल्या स्वयंअध्ययन पुस्तिकेवर, संस्थेचा हक्क असू शकतो. तिथे आपल्या विद्यापीठाचं धोरण आणि मानधनाचं पत्र दोन्ही वाचून घ्या.

मराठी काम ‘असून नसल्यासारखं’ का होतं

आता मुख्य दुखण्याकडे येऊ. प्रबंध भांडारात आहे, फाइल उघडते, पानं दिसतात. तरी तो सापडत नाही. गूगलवर नेमकं शीर्षक टाकलं तरी येत नाही, भांडाराच्या स्वतःच्या शोधपट्टीतही येत नाही. यामागचं कारण फॉन्टमध्ये आहे.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणारी पद्धत, घरोघर पोचायच्या आधी आपल्याकडे मराठी टाइपिंग श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा पद्धतींनी व्हायचं, आणि डीटीपीच्या अनेक दुकानांत अजूनही होतं. या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं; त्याला फक्त ‘क’चा आकार चढवलेला असतो. माणसाला ते मराठी वाटतं, शोधयंत्राला निरर्थक चिन्हांची माळ. तीनशे पानांच्या प्रबंधात ‘वारकरी’ हा शब्द पाचशे वेळा आला असला तरी यंत्राच्या दृष्टीने तो एकदाही आलेला नाही.

तपासायची रीत अगदी सोपी आहे. पीडीएफ उघडा, एक परिच्छेद निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मजकूर जसाच्या तसा देवनागरीत उतरला तर उत्तम. रोमन अक्षरं, आकडे आणि चिन्हं यांची सरमिसळ आली तर फॉन्ट जुना आहे. काही निवडताच आलं नाही तर ती पानं म्हणजे नुसते फोटो आहेत, प्रत स्कॅन केलेली आहे. आणि चौथी शक्यता सगळ्यात फसवी : देवनागरी उतरते, पण ‘विद्यार्थी’मधली पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, रफार गायब होतो, जोडाक्षरं फुटतात. मूळ फाइल युनिकोडमध्ये असूनही पीडीएफ करताना हे घडू शकतं.

उपायही तसे वेगवेगळे आहेत. जुन्या फॉन्टची मूळ फाइल असेल तर ती युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. पण त्यानंतर कुणीतरी ओळीवर ओळ ठेवून मुद्रितशोधन करायलाच हवं, कारण ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’सारखी अक्षरं त्यात हमखास बिघडतात. स्कॅन असेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर, करून घ्यावं. टेसरॅक्टसारखं मोफत सॉफ्टवेअर मराठी वाचतं, छपाई स्वच्छ असेल तर निकाल कामापुरता चांगला येतो. पीडीएफ बनवताना ‘प्रिंट’मधून न बनवता वर्डच्या किंवा लिबरऑफिसच्या ‘एक्सपोर्ट’मधून बनवावी आणि पर्यायांत ‘पीडीएफ-ए’ निवडावं. हा दीर्घकाळ जपण्यासाठी ठरवलेला प्रकार आहे. त्यात फॉन्ट फाइलच्या आतच राहतो, त्यामुळे वीस वर्षांनी दुसऱ्या यंत्रावरही अक्षरं तशीच दिसतात. आणि ग्रंथपालांना पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइलही देऊन ठेवा.

जो विद्यार्थी आज प्रबंध टाइप करायला देतो आहे त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे : टायपिस्टला पहिल्याच दिवशी ‘युनिकोडमध्येच’ म्हणून सांगा आणि पहिली दहा पानं हातात आली की कॉपी-पेस्ट करून बघा. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात हे कळलं तर कुणीही ते बदलत नाही. शोधगंगेवर प्रबंध एकाच फाइलमध्ये जात नाही, प्रकरणवार जातो : शीर्षकपान, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, मग एकेक प्रकरण. त्यामुळे प्रत्येक फाइल वेगळी तपासावी लागते. पहिलं प्रकरण युनिकोडमध्ये आणि पाचवं श्रीलिपीत, असेही प्रबंध असतात, कारण मध्येच दुकान बदललेलं असतं.

फाइल चांगली असली तरी तिच्याबरोबर भरायची माहिती, म्हणजे मेटाडेटा, फसला तर पुन्हा तेच. शीर्षक, लेखक, मार्गदर्शक, वर्ष, विषयशब्द, सारांश, भाषा अशी ती यादी असते. अनेक भांडारांत मराठी प्रबंधांची शीर्षकं फक्त रोमन लिपीत भरलेली दिसतात, तीही ज्याने भरली त्याच्या मर्जीप्रमाणे. ‘मराठवाड्यातील’ हा शब्द रोमनमध्ये पाच जण पाच तऱ्हांनी लिहितात. शोधणाऱ्याने कुठली धरायची? मुख्य शीर्षक देवनागरीत भरा आणि ‘पर्यायी शीर्षक’ या रकान्यात इंग्रजी भाषांतर द्या. विषयशब्दांत ‘संत साहित्य’ आणि ‘संतसाहित्य’ ही दोन्ही रूपं टाका. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. गावांची, तालुक्यांची, बोलींची, जमातींची नावं जरूर लिहा, कारण स्थानिक वाचक त्याच नावांनी शोध घेतो. सारांश मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे असावा. हे भरायला तास-दीड तास लागतो. चार वर्षांच्या कामासाठी तो देणं जड जाऊ नये.

लेखकाच्या नावाचंही तसंच आहे. एकाच आडनावाचे आणि त्याच आद्याक्षरांचे कितीतरी संशोधक आपल्याकडे असतात. कुणी वडलांचं नाव मध्ये घालतं, कुणी शेवटी. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचं अर्धं काम एका नावावर आणि अर्धं दुसऱ्या नावावर राहतं. ऑर्किड हा सोळा अंकी ओळख क्रमांक यासाठीच आहे. २०१२पासून तो फुकट मिळतो, आणि नाव कसंही लिहिलं तरी सगळं काम त्या एका क्रमांकाखाली जमा होतं.

नाटक, चित्र, ओवी

रिपॉझिटरी फक्त पेपर आणि प्रबंधांसाठी असते असं समजून नाट्यशास्त्र, संगीत, दृश्यकला या विभागांतली मंडळी तिच्याकडे फिरकत नाहीत. खरं तर त्यांनाच तिची सगळ्यात जास्त गरज आहे. पेपर निदान कुठेतरी छापलेला असतो. विभागाने बसवलेल्या नाटकाचे चार प्रयोग झाले, सेट मोडला, की पुढच्या बॅचला त्याचा मागमूसही राहत नाही. अशा प्रयोगाचं चित्रीकरण, नेपथ्याची रेखाटनं, प्रकाशयोजनेचा तक्ता, पोस्टर, तालमीतली टिपणं आणि दिग्दर्शकाने ‘मी हे असं का केलं’ यावर लिहिलेली दोन पानं, हे सगळं मिळून एक नोंद होते. शेवटची दोन पानं फार मोलाची. त्यांच्यामुळे तो प्रयोग पुढच्या माणसाला अभ्यासता येतो, नुसता बघण्यापुरता राहत नाही.

हक्कांचा गुंता मात्र इथे जास्त आहे. संहितेचा हक्क नाटककाराचा किंवा वारसांचा, भाषांतर असेल तर भाषांतरकाराचाही, संगीत संगीतकाराचं, फोटो फोटोग्राफरचे. आणि नटांचेही आपल्या सादरीकरणावर कायद्याने हक्क आहेत. ते पन्नास वर्षं टिकतात. प्रयोगाची परवानगी घेतली म्हणजे चित्रीकरण खुलं करायची परवानगी मिळाली असं होत नाही, ती वेगळी मागावी लागते. तालीम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांच्या सह्या एका कागदावर घेतल्या तर हे पंधरा मिनिटांचं काम आहे. तीन वर्षांनी एकेकाला शोधत फिरायचं म्हटलं तर होत नाही.

लोकसाहित्याच्या ध्वनिमुद्रणांबद्दल माझं मत जरा ठाम आहे. एखादी विद्यार्थिनी साताऱ्याकडच्या गावात जाऊन आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर टिपून घेते. भांडारात नोंद करताना ‘लेखक’ म्हणून तिचं नाव येतं, ‘मार्गदर्शक’ म्हणून सरांचं, आणि ज्यांनी त्या गायल्या त्या बायका ‘अज्ञात’ किंवा ‘ग्रामीण स्त्रिया’ होतात. हे योग्य नाही. मेटाडेटात गायिकेसाठी स्वतंत्र रकाना भरता येतो. तिथे तिचं पूर्ण नाव आणि गाव यायला हवं, तिची तशी इच्छा असेल तर. नको म्हणाली तर नाव काढायचं. हे विचारायचं ध्वनिमुद्रणाच्या वेळीच, आणि सही करता येत नसेल तर तिचा होकार तिच्याच आवाजात टिपून तीही फाइल जोडायची. ‘इंटरनेटवर टाकू का’ एवढा प्रश्न पुरेसा नाही. ‘मुंबईतला, परदेशातला कुणीही हे फुकट ऐकू शकेल, उतरवून घेऊ शकेल, चालेल का’ असं उलगडून सांगावं लागतं.

कोणतं लायसन्स?

खुलं करणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे. लेखक तुम्हीच राहता. वाचकाने काय करावं आणि काय करू नये हे तुम्ही आधीच लिहून देता. क्रिएटिव्ह कॉमन्सची लायसन्सं त्यासाठी आहेत. ‘बीवाय’ म्हणजे नाव देऊन काहीही करा. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नको. ‘एसए’ म्हणजे यावरून काही नवं केलंत तर तेही याच अटींवर खुलं ठेवा. ‘एनडी’ म्हणजे बदल करून पसरवू नका. शोधगंगा यातलं ‘बीवाय-एनसी-एसए’ वापरते. ‘एनडी’ सुरक्षित वाटतं म्हणून पुष्कळ जण ते निवडतात, पण भाषांतरही त्यात बदलच ठरतं. तुमचा मराठी लेख कुणाला कानडीत न्यायचा असेल तर तुम्हाला गाठल्याशिवाय जमणार नाही. ‘एनसी’ लावलेलं चित्र विकिपीडियावर वापरता येत नाही. विचार करून निवडा, कारण एकदा दिलेलं लायसन्स मागे घेता येत नाही.

चोरीची भीती मला सगळ्यात जास्त ऐकू येते. खुलं ठेवलं की लोक उचलतील. उचलणारे बंद कपाटातूनही उचलत होते, आणि तेव्हा ते पकडले जात नव्हते. दुसऱ्या विद्यापीठातला प्रबंध नाव बदलून सादर केला तरी कळायला मार्ग नव्हता. खुल्या भांडारातल्या मजकुराशी तुलना करता येते, आणि तुमच्या नोंदीवर तारीख असते. मात्र ज्यातून पेटंट घ्यायचं आहे ते काम अर्ज दाखल होईपर्यंत खुलं करू नका. आधी प्रसिद्ध झालेल्या गोष्टीचं नावीन्य जातं. प्रबंधाचं पुस्तक करायचं असेल तर प्रकाशकाशी बोलून वर्ष-दोन वर्षांचा एम्बार्गो मागा. आणि स्वतःचाच जुना मजकूर नव्या पेपरच्या वाङ्मयचौर्य-तपासणीत जुळतो म्हणून घाबरू नका, आधीच्या कामाचा स्पष्ट उल्लेख करा.

प्रत्यक्ष जमा करणं सोपं आहे. लॉगिन करायचं, आपला विभाग निवडायचा, माहिती भरायची, फाइल चढवायची, लायसन्स मान्य करायचं. मग ग्रंथालयातलं कुणीतरी ते तपासतं आणि नोंदीला हँडल मिळतं. हँडल म्हणजे न बदलणारा पत्ता. शोधगंगेच्या सगळ्या हँडलची सुरुवात १०६०३ने होते. सर्व्हर बदलला, संकेतस्थळाचं रूप पालटलं, तरी हँडलने तोच प्रबंध उघडतो. म्हणून संदर्भ देताना ब्राउझरमधली लांबलचक लिंक न देता हँडल द्यावं. रिसर्चगेट, ॲकॅडेमिया या संशोधकांच्या संकेतस्थळांवर पेपर टाकणं हा याला पर्याय नाही. त्या खासगी कंपन्या आहेत, आणि तिथे छापील प्रती चढवल्यावरून प्रकाशकांनी रिसर्चगेटला २०१७मध्ये कोर्टात खेचलं होतं. गूगल ड्राइव्हची लिंक तर नोकरी बदलली आणि कॉलेजचा ईमेल बंद झाला की मरते. विद्यापीठाची रिपॉझिटरी नसेल तर सर्न या युरोपीय संस्थेचं ‘झेनोडो’ वापरा. ते फुकट आहे, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइली मावतात आणि प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे हँडलसारखाच न बदलणारा क्रमांक, मिळतो.

राहिला प्रश्न निवृत्त आणि दिवंगत अभ्यासकांच्या कामाचा. ‘नवभारत’, ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, ‘मराठी संशोधन पत्रिका’ यांच्या जुन्या अंकांत किती तोलामोलाचे लेख आहेत, आणि ते आज किती थोड्यांच्या हाती लागतात! लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट टिकतो. म्हणजे १९९०मध्ये गेलेल्या प्राध्यापकांचा लेख २०५१च्या आधी वारसांच्या संमतीशिवाय ठेवता येत नाही, आणि तोवर मुलं-नातवंडं कुठे कुठे पांगलेली असतात. तुमचे गुरू आज हयात असतील, तर पुढच्या भेटीत एक कागद घेऊन जा. फार कायदेशीर भाषा लागत नाही. ‘मी माझ्या सोबतच्या यादीतील लेखांचा कॉपीराइटधारक आहे. हे लेख विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत कायमस्वरूपी व विनामूल्य उपलब्ध करून देण्यास, तसेच गरजेनुसार स्कॅन करून किंवा युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवण्यास मी विद्यापीठाला परवानगी देत आहे. लेखांवरील माझे हक्क अबाधित राहतील.’ खाली लायसन्सचं नाव, तारीख, सही, आणि मागच्या पानावर लेखांची यादी : शीर्षक, नियतकालिक, महिना, वर्ष, पृष्ठं. एक प्रत त्यांच्याजवळ, एक ग्रंथपालांकडे.